कासऱ्यासारखी बांधलेली वायर

मागच्या उन्हाळ्यात आमच्या सूनबाईनं शेवयांची मशीन आणली. मोटारीवर चालणारी. आमच्या हसनाबादेत बायका शेवयांसाठी डोक्यावर पाट्या घेऊन लांब जातात, तर हे काम आपणच घरी का करू नये, असं तिच्या मनानं घेतलं. मुलगा तयार झाला, मी तर आधीच तयार. राहिले आमचे मालक. त्यांना विजेची अशी धास्ती, की पंख्याचं बटण दाबायचं तरी आधी पायात चप्पल घालतील. मशीनीभोवती हिंडून हिंडून शेवटी म्हणाले, "ठेवा. पण जरा जरी ठिणगी उडाली, तर आणली तिथं वापस नेऊन द्यायची. मंग मी कुणाचं ऐकायचा न्हाई."

"बरं मामा," सून म्हणाली. दुसरं काय म्हणणार बिचारी? घरात राहून स्वतःचं काही करावं, ही तिची किती दिवसांची हौस. मशीनीवर साधी धूळ बसू देत नव्हती ती.

आता मशीन ठेवायची अंगणात लिंबाखाली आणि विजेचा पॉईंट आतल्या खोलीत. म्हणजे एक्स्टेन्शन बोर्ड पाहिजे. आमच्याकडं एक होता, मालकांनीच बाजारातून आणलेला. दिसायला झ्याक. पांढराशुभ्र, लाल दिवा लागतो, मोबाईलची पिनसुद्धा बसते. वायर मात्र पायजम्याच्या नाडीएवढी, आणि लांब म्हणाल तर वेशीपर्यंत जाईल. मोटारीची जाड पिन त्यात बसेना, तर मधी एक छोटा जोड घालून बसवली.

उरलेल्या वायरीचं काय करायचं? मालकांचा जन्म बैलांमागं गेलेला. उरलेला कासरा मोकळा पडलेला त्यांना बघवत न्हाई, त्याचं वेटोळं करून मधून गाठ मारल्याशिवाय चैन पडत न्हाई. वायरीचंही त्यांनी तेच केलं. चांगली घट्ट मोळी बांधली, वर कुणाचा पाय अडकू नये आणि ऊन लागू नये म्हणून गोणपाट टाकलं. "बघा, कसं नेटकं!" म्हणाले. आम्हालाही ते नेटकंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

बायका आल्या. मालकांची म्हातारी चुलती सगळ्यांच्या आधी मळलेला रवा घेऊन हजर. मशीन घरघरली आणि केसागत बारीक शेवया खाली उतरायला लागल्या. "अगं बया, किती जल्दी!" म्हणून जी ती वाकून बघू लागली. गप्पा, हसणं, लग्न लागल्यासारखी गर्दी. उकडतंय म्हणून एकीनं त्याच बोर्डावर टेबलफॅन लावला, दुसरीनं मोबाईल.

थोड्या वेळानं चुलतसासू नाक वर करून हुंगत म्हणाली, "कुणाचं दूध करपून राह्यलं गं?"

दूध कुठलं! प्लास्टिक जळाल्याचा वास होता तो.

"मशीन जळाली! म्हणलं नव्हतं मी?" मालक ओट्यावरून ओरडले.

सून जागची उठली, पण तिचे हात ओल्या पिठानं भरलेले. "आत्या, माझे हात ओले हायेत. तुमी आतलं बटण बंद करा!" मी आत पळाले, भिंतीवरचं बटण बंद केलं. मंग पिन काढली आणि काठीनं गोणपाट बाजूला सारलं. मोळीतले वायरीचे वेढे पाकात पडल्यासारखे मऊ होऊन एकमेकांना चिकटलेले.

"उचला मशीन," मालक म्हणाले. "बोली म्हणजे बोली."

सुनेचा चेहरा उतरला. पण ती हलली न्हाई. "मामा, एकदा मशीनीला हात लावून बघा."

ते कशाला लावतात! चुलतसासूनंच मोटारीवर तळवा ठेवला. "गार हाय की रं ही! ताप आला वायरीला अन् तू काढा पाजतो मशीनीला?"

बायका पदरात तोंड घालून हसल्या. मालक चिडून म्हणाले, "मंग वायर का तापली?"

"मोटार जड अन् वायर बारीक," सून म्हणाली. "त्यात गठ्ठा बांधलेला, वर गोणपाट. आतली गरमी निघंल कुठून? एक डाव बराबर वायर आणू. मंगही काही झालं, तर मी स्वतः मशीन वापस करीन."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं जुन्या जालन्यात, विजेच्या सामानाच्या दुकानात. दुकानदारानं आधी विचारलं, मोटार केवढी, अंतर किती. मंग जाड तांब्याची, आयएसआय छाप असलेली, मोठ्या तीन पिनांची, टोकाला बोर्ड असलेली वायर समोर ठेवली. "अंगणापर्यंत पुरंल तेवढीच घ्या, उगं लांब नको. आणि जड मोटारीच्या जोडीला त्यावर दुसरं काही लावू नका."

मालकांनी वायर दोन्ही हातांत धरून जोरात ताणून पाहिली.

"काका," दुकानदार म्हणाला, "बैल बांधायचाय का ह्याला?"

सून दुकानाबाहेर जाऊन हसली. मी तिथंच हसले.

मंग पुन्हा बायका बोलावल्या. या वेळी मालकांनी स्वतः वायर उलगडली, पूर्ण मोकळी, भिंतीच्या कडेकडेनं, दारात चेंगरणार न्हाई अशी. वर गोणपाट न्हाई, चटई न्हाई. कुणी मोबाईल घेऊन आली, की "इथं न्हाई, आत लावा!" कुणी ओल्या हातानं बटणाकडं वळली, की "हात पुसा आधी!" घडीघडी येऊन वासराचा ताप बघावा तसा वायरीवर तळवा ठेवून बघत. चुलतसासू म्हणाली, "लेका, एवढं तर तू बायकोला कधी विचारलं न्हाईस, डोकं दुखतंय का म्हणून."

ते गालात हसले, पण जागा सोडली न्हाई.

सगळ्यांच्या पाट्या संपल्या, अंगणभर खाटांवर शेवया पसरल्या, तरी वायर गारच. सून मशीन पुसत बसली. पहिला शब्द मालकांचाच यायला पाहिजे होता.

मालकांनी पिन धरून काढली, वायर न ओढता, आणि सुनेकडं न बघताच विचारलं, "उद्या किती वाजता सुरू करायची? मला वायर अंथरायला टाइम लागतो."