सी ड्राइव्हमधला आवाज

कॉम्प्युटरच्या सी ड्राइव्हवर, म्हणजे सिस्टीम असते त्या भागात, आपलं काही ठेवायचं नाही, असा बाबांचा नियम होता. "सी म्हणजे भाड्याची खोली," ते म्हणायचे. "मालक कधी रिकामी करायला लावेल नेम नाही. आपलं सामान डीमध्ये." कारखान्याच्या स्टोअरमध्ये उभी हयात नोकरी केलेला माणूस. घरातल्या डाळींच्या डब्यांनासुद्धा लेबलं होती, आणि मुगाच्या डब्यात मसूर निघाली की आईला दिवसभर टोमणे.

रिटायर झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि हॉलमध्ये खिडकीशी मांडला. आई संध्याकाळची ब्लडप्रेशरची गोळी विसरायची, म्हणून स्वतःच्या आवाजात आठवण रेकॉर्ड करून त्यात लावून ठेवली. दिवेलागणीला स्पीकर बोलायचा, "अगं, गोळी घेतलीस का? नुसतं हो म्हणू नकोस. आधी पाणी आण." तेव्हा बाबा शेजारच्याच खुर्चीत पेपर वाचत असायचे.

"तोंडाने सांगायला काय होतं हो तुम्हाला?" आई विचारायची.

"मी विसरेन. तो नाही विसरणार."

गेल्या वर्षी बाबा गेले. तेरावा झाल्यावर वीजबिल भरायला मी कॉम्प्युटर चालू केला आणि तो तसाच राहिला. संध्याकाळी आत्या चहा घेत बसली होती, आणि तिच्या पाठीमागून आवाज आला, "अगं, गोळी घेतलीस का?" आत्याच्या हातातली बशी फुटली. आई मात्र उठली, "घेते हो" म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली. तेव्हापासून तिने कॉम्प्युटर बंद करू दिला नाही.

खरं सांगायचं तर मला तो आवाज नको झाला होता. खराडीच्या ऑफिसातून लवकर सुटले तरी मी मुद्दाम रेंगाळायची, म्हणजे दिवेलागण टळेल. सुट्टीच्या दिवशी टळायची नाही. आवाज येण्याआधी स्पीकरमध्ये बारीकशी खरखर व्हायची. ती ऐकली की माझ्या अंगावर काटा यायचा.

यंदा मशीन अगदीच रडायला लागलं. मग एका रविवारी मी नवा मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम असं सगळं घेऊन आले. डिस्क आणि बाहेरचा डबा जुनाच ठेवणार होते. आईने एकच विचारलं, "ह्यांचं सगळं राहील ना?"

"सगळं डीमध्ये आहे आई. डीला मी हातही लावत नाही."

कॅबिनेट उघडलं तर तळाशी अक्षता आणि झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. बाबा दर दसऱ्याला मशीनची पूजा करायचे, वरच्या जाळीतून सगळं आत पडलेलं. पंख्याच्या पात्यांवर कुंकू बसलं होतं. मी ते पुसलं, नवे भाग बसवले आणि सिस्टीम नव्याने टाकायला घेतली. सी ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल, अशी सूचना आली. ऑफिसात लोकांना बॅकअपवरून झापणारी मी, ती धड न वाचताच हो म्हणून मोकळी झाले. बाबांच्या नियमावर माझा एवढा विश्वास होता.

दुपारी सगळं सुरळीत चालू झालं. डीमधले फोटो होते, बिलं होती. संध्याकाळची आठवण पुन्हा लावू म्हणून मी बाबांची फाइल शोधायला लागले. ती कुठेच नव्हती. प्रत्येक फोल्डर उघडून पाहिला, आणि मग एकदम लक्षात आलं. सिस्टीमचे घंटा-बिंटांचे सगळे आवाज एका फोल्डरमध्ये असतात, आणि तो असतो सीमध्ये. बाबांनी आपला आवाजही तिथेच ठेवला होता. आवाज आवाजांच्या जागी, डाळ डाळीच्या डब्यात. हा नियम त्यांच्या अंगात पहिल्यापेक्षाही मुरलेला होता.

पुसलेलं परत आणणारी सॉफ्टवेअर चालवून पाहिली. फाइलचं नावसुद्धा मिळालं नाही, त्या जागेवर नवी सिस्टीम बसली होती. बाबांचा दुसरा आवाज आमच्याकडे नाही. बोलायचं तर फोन करावा, बडबड काय पाठवायची, असं म्हणत त्यांनी कधी व्हॉइस मेसेज पाठवला नाही. जो आवाज बंद व्हावा असं मला रोज वाटायचं, तो मी स्वतःच्या हाताने पुसला होता. मला रडू आलं, पण आई स्वयंपाकघरात भाजी निवडत होती.

तिला काय सांगायचं ते ठरेना. बाहेर दिवे लागायला लागले. आईने देवापाशी निरांजन लावलं आणि येऊन नेहमीच्या जागी बसली. मी स्पीकरकडे पाहत होते. नव्या मशीनला तर आवाजच नव्हता, पंख्याचासुद्धा नाही. सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं.

"घेते हो," आई म्हणाली आणि उठली.

मी काहीच ऐकलं नव्हतं. खरखरसुद्धा नाही.

ती पाण्याचा पेला घेऊन आली, गोळी तोंडात टाकली आणि घोट घेऊन कॉम्प्युटरकडे बघत राहिली.

"नव्यात ह्यांचा आवाज जरा बारीक येतो, नाही?"

"वाढवते मी," मी कसंबसं म्हटलं आणि माउसकडे हात नेला.

"राहू दे," ती म्हणाली. "मला येतो ऐकू."