लुक्काचा परकोट, मॉलचा वरचा मजला

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. आमच्या घरात काही विचित्र घडलं की त्याचं कारण बहुतेक वेळा मीच असतो. डिशवॉशरमध्ये सिंकजवळचा साबण ओतून किचनभर फेस करणारा महाभाग तो मीच. त्यामुळे पुढचं वाचून तुम्ही हसलात तरी चालेल. मला मात्र अजून हसू येत नाही...

आम्ही मिनेसोटात, ईडन प्रेरीला राहतो. शहाणे लोक आईवडिलांना उन्हाळ्यात बोलावतात, मी सासऱ्यांना जानेवारीत बोलावलं. नाना म्हणजे अमरावतीचे निवृत्त इतिहासशिक्षक, बालपण तिथल्या जुन्या परकोटाच्या आत गेलेलं. मे महिन्यात त्यांना इटली दाखवायचं ठरलं, तेव्हा रोम आणि व्हेनिस त्यांनी एका वाक्यात उडवून लावलं. ज्या गावाचा परकोट अजून अख्खा आहे तिथं न्या, म्हणाले. मी शोधलं — लुक्का.

फेब्रुवारीत ड्राइव्हवेवरच्या बर्फावरून नाना घसरले. खुब्याचं ऑपरेशन झालं. हाड जुळत होतं, पण नाना काही उभारी धरेनात. वॉकर पुढे केला की भिंतीकडे तोंड करायचे. लेकीच्या दारात ओझं होऊन पडलो, एवढंच माझ्या बायकोला, अनघाला म्हणाले. थेरपिस्टने तिला बाजूला घेऊन सांगितलं, आत्ता चालले नाहीत तर पुढे कधीच चालणार नाहीत.

इथले म्हातारे थंडीत सकाळी मॉलमध्ये चालायला जातात, दुकानं उघडायच्या आधी. लुक्का दाखवतो असं सांगून मी नानांना तिथं नेलं. वरच्या मजल्याची फेरी म्हणजे तट. फोनवर वाचत मी गाइड झालो... नाना, या तटावर रस्त्याएवढी रुंद वाट आहे, झाडांची सावली आहे, लोक सायकली फिरवतात. शत्रूसाठी बांधला, पण तटापर्यंत शत्रू कधी आलाच नाही. हे फूड कोर्ट म्हणजे रोमन लोकांचं रिंगण. त्याच्याच पायावर पुढे लोकांनी घरं बांधली, म्हणून मधला चौक अंडाकृती. आणि लिफ्टजवळच्या प्लास्टिकच्या कुंड्या म्हणजे माथ्यावर ओकची झाडं असलेला मनोरा.

"जावईबापू, तुमच्या वर्गात पोरं झोपली असती," नाना म्हणाले. पण चार पावलं टाकली. मग बाकावर बसले ते बसलेच. रोज हेच.

एका सकाळी त्यांना बाकावर बसवून मी कॉफी आणायला खाली गेलो. वर आलो तर बाकासमोर वॉकर, आणि नाना नाहीत! मी धावत सुटलो — अर्थात उलट्या दिशेने. जवळजवळ पूर्ण फेरी झाली तेव्हा नाना समोरून येताना दिसले. वॉकरशिवाय. सावकाश, ताठ, उजवं कोपर थोडं बाहेर काढलेलं, आणि हळू आवाजात कुणाशी तरी बोलत.

मी आधार द्यायला उजवीकडून गेलो. त्यांनी डाव्या हाताने मला थांबवलं.

बाकावर बसल्यावर त्यांनी सांगितलं ते असं. एक म्हातारा जवळ आला, निथळत होता, त्याला नीट दिसत नव्हतं. त्याने हात मागितला. कुठल्या भाषेत, मी विचारलं.  नाना म्हणाले, भाषा आठवत नाही, कळत होतं एवढं खरं. दोन्ही हात वॉकरवर ठेवून त्याला आधार कसा देणार? म्हणून वॉकर सोडला.

"मला कोणी धरलं नव्हतं," नाना म्हणाले. "आधारासाठी त्यानं मला धरलं होतं."

त्या माणसाने सांगितलं म्हणे, की नदीला पूर आला तेव्हा गावाने वेशी बंद केल्या. पाणी तटाला थडकून थांबलं, गाव वाचलं. राज्य करणारी बाई बाहेर अडकली होती, तिला दोर लावून वर ओढून घेतलं.

"मग तो मला विचारत होता, 'आणि वेशीबाहेर राहिलेले आम्ही?'" नाना म्हणाले. 

पुराचं मी कुठे वाचलंच नव्हतं. घरी येऊन शोधलं. दोनशे वर्षांपूर्वीचा तो पूर, बंद केलेल्या वेशी, दोराने वर घेतलेल्या बाईची आख्यायिका, सगळं सापडलं. नानांनी कधीतरी वाचलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण त्यांच्या स्वेटरची उजवी बाही कोपरापाशी ओली होती, बरोबर हाताच्या पंजाएवढी. अनघाने ती धुतली तेव्हा टबाच्या तळाशी बारीक गाळ बसला. बाहेर सगळं दगडासारखं गोठलेलं...

त्यानंतर नानांनी वॉकरला हात लावला नाही. मे महिन्यातली लुक्काची ट्रिप मात्र त्यांनीच कॅन्सल करायला लावली. म्हणाले, "त्याला परत त्या वेशीपाशी कशाला न्यायचं?" अनघाने माझ्याकडे पाहिलं. मी तिकिटं रद्द केली.

एप्रिलमध्ये ते भारतात परत निघाले. आपले सगळेच करतात तशी मी एअरपोर्टवर व्हीलचेअर सांगून ठेवली होती. माणूस खुर्ची घेऊन आला. नानांनी शाळेतल्या इंग्रजीत त्याला सांगितलं, "नॉट फॉर मी. फॉर हिम." आणि उजवीकडे हात केला. नानांचं वय झालंय, जरा गोंधळ होतो, असं काहीतरी मी त्या माणसाला सांगायला लागलो. त्याचं लक्षच नव्हतं. त्याने वाकून पाय ठेवायच्या पट्ट्या एकेक करून उघडल्या, क्षणभर वाट पाहिली, आणि निघाला. नाना शेजारून चालत होते, आता दोन्ही हात मोकळे सोडून.

पुढे थोडा चढ होता. तिथे तो माणूस अंग पुढे टाकून, दम घेत खुर्ची ढकलत होता. रिकाम्या खुर्चीला एवढा जोर का लागावा, ते मला आजही सांगता येत नाही.