नऊ वर्षं जनावर झालेला आचारी

अग्निशमन केंद्रातल्या आचाऱ्याचं अंग असं होतं, की दारातून आधी त्याचं पोट यायचं आणि मग तो. म्हणून सगळे त्याला गब्दुल म्हणायचे. बायकोसुद्धा. तीही लाडाने म्हणायची, मग तक्रार करायची कुणाकडे? सकाळी बारा माणसांचा भात चढवायचा, आणि घंटा वाजली की जवान अर्धी ताटं टाकून पळायचे ती झाकून ठेवायची, एवढंच त्याचं काम.

मग वरून हुकूम आला. पुरात माणसं वाचवता तशी म्हशी-घोडेही वाचवायला शिका म्हणून. हुकुमासोबत रुंद पट्टे आले, दोर आले, आणि सरावासाठी खऱ्या मापाचा एक प्लॅस्टिकचा घोडाही आला. घोडा इतका देखणा, की त्याला चिखलात घालायला केंद्राच्या साहेबांचा जीवच होईना. त्यांनी तो दर्शनी खोलीत उभा केला, भोवती दोरी बांधली आणि पाटी लावली, ‘हात लावू नये’.

आता सरावाला जनावर कुठून आणायचं? साहेब हुशार. त्यांनी लगेच कागद काढला की केंद्रातली सगळ्यात जड व्यक्ती जनावराच्या जागी राहील. स्वयंपाकघरातल्या बटाट्यांच्या काट्यावर एकेकाला चढवलं. गब्दुल चढला आणि काट्याने हातच टेकले.

तेव्हापासून नऊ वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, गब्दुल डाळीखालची आच मंद करून केंद्रामागच्या चिखलाच्या खड्ड्यात ओणवा व्हायचा. जवान त्याला पट्टे बांधायचे आणि दोराने वर ओढायचे. पहिल्याच दिवशी पट्टा पोटाच्या नेमक्या मऊ जागी आवळला आणि त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

“साहेब, श्वास कोंडतोय!”

“जनावर बोलत नाही,” साहेब काठावरून म्हणाले.

त्यानंतर गब्दुल बोलला नाही. पण स्वभावाने पडला भला. पोटाखालून पट्टा सारताना जवानांची बोटं खरचटायची, वेळ जायचा, आणि तिकडे डाळ करपायची. म्हणून तो गुपचूप हातापायांवर जोर देऊन पोट वीतभर उचलायचा. पट्टा सुर्रकन आरपार! साहेब घड्याळ बघून म्हणायचे, “चार मिनिटं! शाबास!” जवानांना प्रमाणपत्रं मिळाली, साहेबांना ढाल मिळाली. गब्दुलने एकदा भीत भीत विचारलं, “मला काही?” साहेब हसले. “अरे, तुला आम्ही एकशेआठ वेळा जीवदान दिलंय. आणखी काय हवं?”

बायको त्याचा शर्ट धुताना म्हणायची, “त्यापेक्षा गोठ्यात नोकरी धरली असती, तर घरात दूध तरी आलं असतं.”

दहाव्या वर्षी पावसाने चार दिवस ठाण मांडलं. पाचव्या दिवशी सकाळी केंद्राचा फोन खणखणला. फोन होता गब्दुलच्या थोरल्या बहिणीचा. ताईच्या मागेपुढे कुणी नाही. एक म्हैस, आणि तिच्या दुधावर चाललेलं घर. ओढ्याचा काठ खचून तीच म्हैस खालच्या गाळात पोटापर्यंत रुतली होती, आणि ओढ्याचं पाणी चढत होतं.

गाडी निघाली. गब्दुल भात हलवत होता, तो हातातल्या दोन हात लांब उलथन्यासकट मागे चढला.

गाडी भोंगा वाजवत ओढ्याशी पोचली. म्हैस बिथरली, धडपडली आणि आणखी वीतभर खाली गेली.

“तो भोंगा बंद करा रे मेल्यांनो!” ताई किंचाळली. तिने डोक्यावरचं फडकं काढून म्हशीच्या डोळ्यांवर टाकलं.

जवान पट्टा घेऊन म्हशीच्या कुशीशी उभे राहिले. उभेच राहिले. एकाने तिच्या पाठीवर थाप मारली. “उचल. ए, उचल ना.” म्हशीने नुसता कान हलवला.

“साहेब, ही पोट उचलत नाही!”

“का उचलेल?” ताई कडाडली. “तुमच्या खात्यात नोकरीला आहे का ती?”

साहेब पुस्तिका चाळू लागले. पोट न उचलणाऱ्या जनावराबद्दल तिच्यात काही सापडेना.

गब्दुल उलथन्यासकट गाडीवरून खाली उतरला. चूक कुणाची, ते एवढ्या माणसांत त्याला एकट्यालाच कळलं होतं. नऊ वर्षं त्याने वीतभर मेहेरबानी केली, आणि तेवढ्याने बारा माणसं अडाणी राहिली. तो गाळात उतरू लागला.

“गब्दुल, तू आचारी आहेस. मागे हो!”

“आज मी जनावराकडून आलोय, साहेब.”

“मागच्या पायांकडून जाऊ नका,” तो जवानांना म्हणाला. “लाथ बसली तर बरगड्या वेचत बसाल. खांद्याकडून या.” त्याने नळीचं पाणी म्हशीच्या पोटालगत सोडायला लावलं, तसा घट्ट गाळ सुटू लागला. उलथन्याच्या भोकात पट्ट्याची दोरी ओवली, आणि पातेल्याच्या बुडाशी लागलेला भात सोडवावा तसं उलथनं हळूहळू पोटाखालून सारलं. पलीकडच्या जवानाच्या हाती टोक लागलं, तसा तो आनंदाने ओरडलाच. दुसरा पट्टाही असाच गेला.

“हा पुढच्या पायांच्या लगेच मागे. तो मागच्या पायांच्या अलीकडे. मधल्या मऊ जागी नको.”

“का रे?” साहेबांनी विचारलं.

“तिथे श्वास कोंडतो. मी सांगत होतो तुम्हाला.”

ताईच्या गोठ्याचं दार उचकटून गाळावर आडवं टाकलं. “मान ओढायची नाही, शेपटीला हात नाही. माझ्या शब्दावर, सगळे मिळून, सावकाश.” गाळाने मोठा आवाज करून म्हैस सोडली. ती दारावरून घसरत काठावर आली, बराच वेळ धापा टाकत पडली, मग उठली आणि तिने अंग झाडलं. साहेब इस्त्रीच्या कपड्यांत अगदी जवळ उभे होते.

ताईने म्हशीच्या गळ्यात हात टाकला, डोळे पुसले आणि भावाकडे बघून म्हणाली, “एवढं पोट वाढवलंस, ते आज कामाला आलं बघ.”

साहेबांनी अहवालात लिहिलं, ‘नऊ वर्षांच्या शिस्तबद्ध सरावाचं हे फळ.’ पण वरचे मोठे साहेब चौकशीला आले, तेव्हा एका जवानाच्या तोंडून सगळंच बाहेर पडलं. मोठ्या साहेबांनी गब्दुलला तिथल्या तिथे सरावाचा शिक्षक केलं.

“काही अडचण?” त्यांनी विचारलं.

“एकच. मी काठावर उभा राहिलो, तर खड्ड्यात कोण?”

साहेबांचाच जुना कागद शोधून काढला. बटाट्यांचा काटा बाहेर आला. नऊ वर्षं खुर्चीत बसून गब्दुलच्या हातचं जेवलेलं माणूस केंद्रात एकच होतं.

पहिल्या सोमवारी साहेब खड्ड्यात ओणवे झाले. पट्टा आवळला, आणि खालून बारीक आवाज आला, “अरे... श्वास...”

“दोर सैल सोडा!” गब्दुल ओरडला. “जनावर काय सांगतंय ते ऐका आधी.”

पट्टा दोन वीत सरकवला. साहेबांनी मोठा श्वास घेतला, कृतज्ञतेने वर बघितलं आणि हळूच हातापायांवर जोर दिला.

“साहेब,” गब्दुल प्रेमाने म्हणाला, “पोट खाली.”