चोरीच्या गेममधली गिरणी

माझा आवाज मोठा आहे, आणि त्याला कारण आहे. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अख्खी उमर सुरतेच्या लूमच्या खात्यात, मागांच्या कारखान्यात काढली. त्या खटाखटीत एक कान पार गेला, दुसरा अर्धामुर्धा उरला. त्यामुळे लिंबायतच्या आमच्या घरात त्यांच्याशी बोलायचं म्हणजे सगळ्या गल्लीशी बोलायचं. पण लूम मास्तर म्हणून त्यांचा दरारा होता. मशीनवर नुसता हात ठेवून कुठला नट ढिला झालाय ते सांगायचे. काम सुटल्यावर हाच माणूस दिवसभर खाटेवर बसून भिंतीकडे बघायला लागला, आणि मला ते बघवेना.

मी घरीच कॉम्प्युटरवर साड्यांच्या डिझाइन काढते. जेवणाच्या सुट्टीत त्याच कॉम्प्युटरवर त्यांना एक गेम टाकून दिला. बंद पडलेली जुनी गिरणी हाती येते, तिच्यात मशीनं बसवायची, पट्टे चढवायचे, कापड काढायचं. वाचायला फारसं काही नाही, सगळं चित्रांत. गेम अर्थातच फुकटातला, क्रॅक केलेला, म्हणजे चोरीची कॉपी. आमच्याकडे गेम विकत घेतला म्हटलं तर लोक कपाळाला हात लावून ताप बघतील.

आप्पा रमले. इतके रमले की माझं कामच अडायला लागलं. पण गेममधला अकरावा दिवस उजाडला की एकेक पट्टा निसटायचा आणि गिरणी ठप्प. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यांनी एक वही केली. आज पट्टा घट्ट केला, आज तेल जास्त दिलं, आज चार मशीनं कमी चालवली. प्रत्येक नोंदीपुढे तोच शेवट, अकराव्या दिवशी बंद.

महिन्याभरानं ते वही घेऊन माझ्यापुढे आले. म्हणाले, ‘‘कोनीतरी मुद्दाम करी ऱ्हायना हाई.’’ आप्पा घरात आमची अहिराणीच बोलतात.

‘‘गेममध्ये कोण येणार मुद्दाम बिघाड करायला?’’ मी म्हटलं.

त्यांनी वहीवर बोट ठेवलं. एक मशीन त्यांनी दहाही दिवस चालवलंच नव्हतं. तरी अकराव्या दिवशी त्याचाही पट्टा निसटला होता. ‘‘बंद मशीन झिजस का कधी?’’

काय बिनतोड बोलला होता माणूस! पण मला त्या दिवशी मार्केटमध्ये डिझाइन पाठवायची घाई होती, आणि माझं डोकं तापलेलं. मी ओरडले, ‘‘आप्पा, वय झालं तुमचं! डोकं चालत नाही आता! सोडा ना तो नाद!’’ त्यांना ऐकू जावं म्हणून जेवढ्या जोरात बोलावं लागतं, तेवढ्याच जोरात.

त्यांनी वही मिटली आणि खाटेवर जाऊन बसले.

दोनेक दिवसांनी शेजारीण आपलं शिलाई मशीन उचलून घेऊन आली. त्याचं दुखणं नेहमी आप्पाच काढायचे. ते तिला म्हणाले, ‘‘दुकानवर ली जाय, बेटा. मनं डोकं आते चालत नही.’’ ती माझ्याकडे बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मी त्या गेमच्या मागे लागले. गेम खेळणाऱ्यांच्या चर्चेचं एक पान सापडलं, तिथे मोडक्या इंग्रजीत विचारलं, अकराव्या दिवशी पट्टे का निसटतात? खाली नुसते हसण्याचे फवारे. चोर सापडला म्हणे! विकत घेतलेल्या गेममध्ये पट्टे असे निसटतच नाहीत. चोरलेल्या कॉपीला बनवणाऱ्यांनी कुलूप लावलेलं नाही, दहा दिवस मजेत खेळू द्यायचं आणि मग गिरणी बसवायची, असा सापळा ठेवलाय. कुणी लिहिलं, चांगली अद्दल घडली. एक जण मात्र वेगळाच चिडलेला. पैसे मोजून आम्हीच मूर्ख, आमच्यावर नेटचा पहारा. नेट गेलं की आमचा गेम उघडत नाही, चोरांचा उघडतो.

आधी मला बनवणाऱ्याचाच राग आला. मेल्या, कुलूप लाव, हाकलून दे, पण माणसाला स्वतःच्याच हातावर शंका घ्यायला कशाला लावतोस? पण मग माझंच आठवलं. माझी नवी डिझाइन सकाळी बाहेर पडली की दुपारी दुसऱ्याच्या साडीवर दिसते. तीन-तीन दिवस मी शिव्या घालते. चोर ओळखता यावा म्हणून वेलीतलं एखादं पान मीही मुद्दाम उलटं काढते. मग त्याला कुठल्या तोंडानं बोलू? शिवाय त्याला माझे आप्पा माहीत नव्हते, मला माहीत होते. डोकं चालत नाही, असं त्यानं म्हटलं नव्हतं. ते मी म्हटलं होतं.

मी गेम विकत घेतला आणि गुपचूप जुन्याच्या जागी टाकला. वाटलं, गिरणी चालेल, आप्पा खूश होतील, मला काही बोलावं लागणार नाही. भित्रेपणाच तो. फार मिनतवाऱ्या केल्यावर ते खेळायला बसले. अकरावा दिवस गेला, बारावा गेला, गिरणी धडधडत राहिली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते हसले नाहीत. वही उघडून पानं पुढे-मागे करत बसले.

‘‘मी काहीच बदललं नही,’’ ते म्हणाले. ‘‘मंग चालनं कसं?’’ आणि मग घाबऱ्या आवाजात, ‘‘मनं डोकं ठिकानवर शे ना?’’

आता मात्र मला राहवेना. त्यांच्या बऱ्या कानाशी तोंड नेऊन हळू आवाजात सगळं सांगितलं. गेम चोरीचा होता, बिघाड मुद्दामच ठेवलेला होता, तुम्ही बरोबर ओळखलं होतं, मीच तुम्हाला खोटं पाडलं.

चोरीबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. वही मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाले, ‘‘डोकं चालत नही, हाई तू जोरमा बोलनी व्हती. आख्खी गल्लीनी ऐकं. आते हाई बी तितलंच जोरमा सांग.’’

मी उठून दारात गेले. पायरीवर शेजारीण मेथी निवडत होती. मी तिथूनच ओरडले, ‘‘माझ्या आप्पांचं डोकं अगदी ठिकाणावर आहे! चूक माझी होती!’’

शेजारणीनं दचकून वर बघितलं. समोरच्या घरातून कुणीतरी डोकावलं.

‘‘ऐकाले नही उनं,’’ मागून आप्पा म्हणाले.

मी पुन्हा ओरडले.