शिवबाईचं पाचवं वाक्य

दवाखान्यात शिवबाईची कानडी चार वाक्यांपुरतीच लागायची. झोप. पाय वर घे. हलू नको. ऊठ. अक्कलकोटपलीकडून येणाऱ्या बायकांना मराठी कळत नसे आणि डॉक्टरीणबाईंना कानडी येत नसे, म्हणून तपासणीच्या टेबलापाशी बॅटरी धरून उभी राहायला ही आया. बाकी सांगायचं ते बाई पडद्याबाहेर सासूला नाहीतर नवऱ्याला मराठीत सांगत. जिच्या पोटाबद्दल बोलणं चाललंय ती आत लुगडं सावरत बसलेली. बाजारात म्हशीचा सौदा होतो तेव्हा म्हशीला कोणी विचारत नाही, तसलाच प्रकार.

शिवबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्याला कारण होतं.

सहासष्ट साली याच दवाखान्यात ती बाळंत झाली होती. मुलगी आठ महिन्यांची होऊन जुलाबानं गेली. त्यानंतर पोट राहिलं नाही. महिन्यातले दहा-दहा दिवस अंगावर जायचं, कंबर धरून ती भाकरी थापायची. नवरा रुद्रप्पा वाट बघून थकला म्हणे. चार वर्षांत थकला बिचारा, आणि दुसरी घेऊन आला. शिवबाई बोचकं उचलून सोलापुरात आली आणि इथंच आया म्हणून लागली. पुढं दुखणं सोसवेना तेव्हा एका म्हाताऱ्या नर्सनं तपासलं, तर आतून लूप निघाला, मूल राहू नये म्हणून बसवतात तो. पांढऱ्या प्लास्टिकचं नागमोडी वेटोळं, शेपटाला दोरा. बाळंतपणानंतर बसवून दिलेला. वरून कुटुंबनियोजनाचा आकडा मागितला होता, तो भरला. हिला विचारलं नाही ते नाहीच, पण नंतर सांगायला काय तोंड दुखत होतं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. शिवबाईनं तो लूप धुऊन तपकिरीच्या रिकाम्या डबीत ठेवला. का ठेवला ते तिलाही सांगता आलं नसतं. टाकवेना, एवढंच.

पंचाहत्तरच्या डिसेंबरात दाक्षायणी आली. वय वीस-एकवीस, माहेर आळंदकडचं, मराठी दोन शब्दांपुरती. तीन वर्षांपूर्वी इथंच बाळंत झालेली, मूल जन्मतःच गेलेलं. सोबत सासू राजाबाई. तिला दोन्ही भाषा यायच्या, आणि दोन्हींत ती एकच सांगत होती, "गड्ड्याची जत्रा झाली की लेकाला दुसरी बघणार. डॉक्टरनी तोंडानं सांगू द्या, हिच्यात दोष हाय म्हनून. मग आमच्यावर बोल न्हाय."

दाक्षायणी पायरीवर बसून ऐकत होती. जत्रेला जेमतेम चार आठवडे उरले होते.

आत शिवबाईनं पहिली तीन वाक्यं म्हटली. बॅटरीच्या उजेडात तिला दोरा दिसला. बाईंनाही दिसला. त्यांनी चिमट्यानं ओढून लूप काढला, ट्रेमध्ये टाकला आणि वर कापूस टाकून झाकला. मग हात धुता धुता पडद्यावरून म्हणाल्या, "पिशवीला सूज आहे. औषध लिहून देते."

"म्हंजे दोष हिच्यातच की," बाहेरून राजाबाई म्हणाली.

बाई चिठ्ठी लिहीत राहिल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्याशाला आपला गुन्हाही माहीत नाही. बाईमाणूस होत्या त्या, त्याचाच शिवबाईला जास्त संताप आला.

"तिला ऊठ म्हण," बाई म्हणाल्या.

शिवबाईनं ऊठ म्हटलं नाही. तिनं कापूस बाजूला केला. कमरेच्या पिशवीतून डबी काढली आणि आपला लूप त्या लूपशेजारी ठेवला. दोन्ही एकाच साच्यातले. मग ती कानडीत बोलली, पडद्याबाहेर राजाबाईलाही नीट कळेल अशा चढ्या आवाजात बोलली. हे काय असतं, कधी बसवतात, हे असलं की मूल का राहत नाही. तुझ्यात दोष नव्हता, हे होतं, आता काढलंय. माझ्यातही होतं, आणि मला कळलं तोवर माझी सवत दोन लेकरांची आई झाली होती.

पडदा सारून राजाबाई आत आली. ट्रेकडं बघितलं आणि स्टुलावर बसली. गड्ड्याचं नाव तिनं काढलं नाही.

"काय सांगितलंस तिला?" बाईंनी विचारलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"तुमचं सांगायचं ऱ्हायलं हुतं, ते."

"उद्यापासून तुझी इथली ड्यूटी बंद."

"बरं."

दाक्षायणी उठून बसली होती. दोन लूपांवरची नजर न काढता ती हळू म्हणाली, "ननग याक हेळलिल्ला?"

चार वर्षांत टेबलावरून कोणी बाईंना काही विचारल्याचं शिवबाईला आठवत नव्हतं. तिनं ते जसंच्या तसं मराठीत केलं. "बाई, ती इचारतीया, मला का न्हाय सांगितलं?"

बाईंनी सवयीनं सासूकडं पाहिलं.

"तिकडं नगा बघू. इचारलंय हिनं."

बाहेर रांग कुजबुजत होती. बाईंनी चिठ्ठी फाडली, नवा कागद घेतला, पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"पुढची पाठव," त्या म्हणाल्या.

शिवबाई पडदा धरून उभी राहिली. "पुढची न्हाय, बाई. हिचंच ऱ्हायलंय अजून. तुमी बोला, मी कानडीत सांगते."