ढेकर आला, आवाज गेला

"मॅडम, तुम्ही ज्याला निघालेला गॅस म्हणता ना, तो त्या सोड्याचाच असतो," नागपूरचे डॉक्टर म्हणाले.

आजाराचं नाव रिफ्लक्स. अन्ननळीच्या तळाची झडप सैल पडते अन् पोटातलं आम्ल वर येतं. माझ्या बाबतीत ते पार गळ्यापर्यंत आलं होतं, अन् त्यानं स्वरयंत्र सुजलं होतं.

मी मध्य प्रदेशात बालाघाटला शाळेत शिकवते. ही गोष्ट जुनी, तेव्हा गावात मोबाइल यायचे होते. दिवाळीनंतर माझा आवाज घोगरा झाला, मग नुसती हवा. वर्गात पोरं म्हणायची, "मॅडमजी, सुनाई नहीं दे रहा." हेडमास्तर म्हणाले, ऑफिसचं काम घ्या. काहून घेऊ? मला शिकवायचं होतं! गुळण्या केल्या, काढे प्यायले. कॅन्सर तर नसेल, या धास्तीनं जीव अर्धा झाला.

छातीत जळजळही होती. पण तिला आमच्या घरी एकच नाव, गॅस. औषधही एकच, गोळी सोडा. जेवण झालं की अंगठ्यानं बाटलीतली गोळी दाबायची, फस्स! मग मोठा ढेकर, अन् सासूबाई खूश, "निंघाला पाह्य गॅस!"

नागपूरला एन्डोस्कोपी केली, म्हणजे तोंडातून दुर्बिणीची नळी पोटात. कॅन्सर नव्हता. मी तिथंच रडले.

डॉक्टर म्हणाले, "सोडा काही विष नाही, सगळ्यांना बाधतो असंही नाही. पण त्यातला वायू पोट फुगवतो आणि तुमची सैल झडप उघडते. तुम्ही साधं पाणी प्या, तेही थोडं थोडं." सोबत गोळ्या, अन् जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही.

घरी पाय ठेवला तर सासूबाई बाटली घेऊन उभ्या. "घे वं माय, प्रवासाचा गॅस झाला असन."

मी नाही म्हणून मान हलवली.

"काहून? तुह्या सासऱ्याले जिंदगीभर यानंच आराम पडला. डॉक्टरले काय समजते?"

भांडायला आवाज कुठं होता? मी त्यांच्यासमोर बाटली मोरीत ओतली अन् माठातलं पाणी प्यायले. त्यांनी अबोला धरला. धरा म्हटलं, मला तरी कुठं बोलता येत होतं!

बायांनो, तुमचं दुखणं घरच्यांच्या एका शब्दात बसवू देऊ नका. छातीत दुखलं तर आधी डॉक्टर, मग बाकी सगळं.

महिने गेले. एकदा जेवण झाल्यावर सासूबाईंनी अबोला सोडून पुन्हा बाटली पुढं केली, "एक घोट तं घेऊन पाह्य."

"नाही घेणार म्हणजे नाही घेणार!"

ओरडणं ऐकून शेजारीण दारात आली. सासूबाईंचे डोळे भरून आले.

"आला वं माय, तुहा आवाज आला!" म्हणाल्या, अन् सोडा स्वतःच पिऊन टाकला.