हत्तीच्या नेढ्यात अडकलेली गोष्ट

पौषातल्या एका सकाळी मिरजेहून गाडी सुटली तेव्हा स्टेशनवर घेतलेला वडा मी न खाता तसाच हातात धरून बसलो होतो. शेजारी बायको खिडकीतून ऊस बघत निवांत बसली होती.

महाबळेश्वरजवळ हत्तीच्या डोक्यासारखा एक कडा आहे. सोंडेच्या आत नेढं (कातळाला आरपार पडलेलं भोक) आहे. लग्नानंतर आम्ही तिथं गेलो होतो, हे खरं. त्या दिवशी धुकं इतकं दाट होतं की बायको समजून मी एका अनोळखी गृहस्थाचा हात धरून अर्धा तास फिरलो, हेही जवळजवळ खरं. दिसलं काहीच नाही. पण गावात परतल्यावर पारावर लोकांनी विचारलं, आणि रिकाम्या तोंडानं परत येणं आमच्या घराण्यात नाही. मी सांगितलं, नेढ्यात सरपटत शिरलो, मध्येच अडकलो, बायकोनं पाय धरून ओढून काढलं. तीस वर्षांत ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली की गुडघ्यावरचे ओरखडे मलाच दिसू लागले.

कोरेगावला मेव्हणा जीप घेऊन उभा होता. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस. डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याला काही पटत नाही. गेल्या यात्रेत भरल्या पारावर त्यानं पैज लावली होती. दाजींनी, म्हणजे मी, ती जागा दाखवायची. गोष्ट खोटी निघाली तर पुढच्या यात्रेपर्यंत पारावर तोंड उघडायचं नाही. कुणाला ही शिक्षा किरकोळ वाटेल. माशाला सांगून बघा, पुढच्या यात्रेपर्यंत पाण्यात जाऊ नको म्हणून.

वाई ओलांडून पसरणीचा घाट लागला. वळणं अशी की जीपच्या दिव्यांना जीपचाच मागचा नंबर वाचता यावा. आभाळ मात्र धुतल्यासारखं स्वच्छ. माझा बेत साधा होता: धुकं उतरेपर्यंत वेळ काढायचा.

म्हणून पाचगणीच्या पठारावर मी घोड्याचा हट्ट धरला. घोडा दहा पावलं चालला, कणसाच्या गाडीपाशी थांबला आणि टाकलेला पाला खात उभा राहिला. मी वर, तो तिथंच. घोडेवाला म्हणाला, “त्येचं जेवान झाल्याबिगार त्यो हालत न्हाई.” अर्धा तास मी पुतळ्यासारखा बसून होतो. कुणीतरी माझा फोटोही काढला. धुकं काही आलं नाही.

पुढे एका मळ्यावर स्ट्रॉबेरी आणि साय खाल्ली. एकेक फळ असं की दोघांनी उचलावं. सुभेदार पाणी प्यायला गेल्यावर मी माझी वाटी बायकोपुढं सरकवली आणि म्हटलं, वेळ आली तर तू नुसतं ‘व्हय’ म्हण. तिनं वाटी रिकामी केली. “बघू,” म्हणाली.

कड्यासमोरच्या कठड्यापाशी पोहोचलो. खाली धोम धरणाचं निळं पाणी, आणि समोर दगडाचा तो हत्ती, वाकून पाणी पितोय असा. आणि ते नेढं! उसानं भरलेली ट्रॉली मान न वाकवता आरपार जावी एवढं. त्याखाली सरळ दरी.

सुभेदारानं आधी नेढ्याकडं बघितलं, मग माझ्या पोटाकडं, मग पुन्हा नेढ्याकडं.

“आवं दाजी, ह्यात अडकायला तवा तुमी केवढं हुता?”

तीस वर्षांत झिजून मोठं झालं असेल, असं मी पुटपुटलो. तो ऐकेना. बहिणीकडं वळला. “आक्का, तू सांग. शपथ न्हाई घालत. नाव घिऊन सांग.”

इथं मी संपलो. आमच्याकडं शपथा रोज मोडतात, पण उखाण्यात नवऱ्याचं नाव घेताना बाई खोटं बोलत नाही. आजूबाजूच्या चार बायका थांबल्या. हिनं पदर सारखा केला.

“हत्तीच्या नेढ्यातनं दिसतंय निळं आभाळ,
बाबूरावांच्या थापांचा तीस वर्सं करते सांभाळ.”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. सुभेदारानं बहिणीला कडक सलाम ठोकला.

घाट उतरेपर्यंत मी गप्प होतो. सरावच म्हणा ना. वाईजवळ न राहवून तिला विचारलं, इतकी वर्षं सांभाळलंस, मग आजच का?

“त्या दिशी तुमी दुसऱ्याचा हात धरून गेला, तवा मी कठड्यापाशी एकलीच हुते. धुकं घटकाभर फाटलं. समदं दिसलं मला.”

“मग बोलली का नाहीस कधी?”

“तुमी कवा इचारलं?”

सुभेदार पुढं बघत गाडी चालवत होता. एरवी माझ्या फजितीवर हसणारा तो, आज हसला नाही.

दुसऱ्या दिवशी पारावर सगळे जमले. मी तोंडावर बोट ठेवलं. डेअरीत दूध घालून निघालेली बायको थांबली आणि तिनं सांगितलं: धुकं कसं फाटलं, हत्ती कसा दिसला, पुन्हा कसा मिटला. ना कुणी सरपटलं, ना कुणी अडकलं. तरी पार असा गप्प झाला की पिंपळाचं पान पडलेलं ऐकू आलं. माझ्या गोष्टीला एवढी शांतता कधी मिळाली नव्हती.

बंदी तोंडाला आहे, हाताला नाही, म्हणून हे लिहून काढलं. सगळं कबूल केलंय. गुडघ्यावरचे ओरखडे मात्र मला अजून दिसतात.